तुझी चाळीस पानं वाचली

सोलापूर,
रविवार, पहाटे

चि. सुमी,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी तू हुतात्मानं गेलीस तेव्हा मी स्टेशनवर आलो नाही. झोपलो नव्हतो. आई चारपासून स्वयंपाकघरात होती, कडक भाकरी फडक्यात बांधताना मोडल्याचा आवाज मला पलंगावर ऐकू येत होता. साडेपाचला रिक्षा आली, तू दारातून "अप्पा, येते" म्हणालीस आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. चुकलं माझं. आज दोन महिने झाले. फोनवर आपण आईच्या गुडघ्याचं बोलतो, नळाला पाणी कधी आलं ते बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहायला बसलो.

आडनावाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय. तू कपाटावर ठेवून गेलेल्या पुस्तकांवर लिहितो. तिन्ही वाचली. "या वयात भुताखेतांची थेरं कसली वाचतेस" असं मी ओरडलो होतो, ते न वाचता बोललो होतो. नवा चष्मा आणि डिक्शनरी घेऊन दिवसाला दहा-बारा पानं, कधी त्याहून कमी. दुपारी ऊन असं असतं की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेवढा वेळ माझा.

भुतांच्या गोष्टी मला नव्या नाहीत. तुझ्यापेक्षा लहान होतो तेव्हा हिराचंद नेमचंद वाचनालयातून नारायण धारप एकामागून एक आणून वाचले. धारपांच्या कादंबरीत घरात शिरलेलं ते काहीही असो, शेवटी समर्थ यायचे. ते आले की मी पुस्तक मिटून झोपू शकायचो. मतकरींचं वेगळं, त्यांची भीती फ्लॅटमधल्या, साध्या नोकरदार माणसाच्या डोक्यात असायची आणि ती गोष्ट संपली तरी जायची नाही. तरी दोघांच्याही गोष्टी वाचताना ते आपल्या घरातलं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तुझ्या पुस्तकांनी ते केलं.

'मेक्सिकन गॉथिक' आधी घेतलं, सगळ्यांत बारीक म्हणून. चांदीच्या खाणीवर गब्बर झालेलं इंग्रज घराणं, उत्तम वंश-हीन वंश यांचा त्यांचा हिशेब आणि भिंतींमधून वाढणारी ती बुरशी. निम्म्यापर्यंत फार आवडलं. मग बुरशीच इतकी माजली की खाणीत मेलेले मजूर मागे पडले. मला त्यांची नावं हवी होती. जेवताना आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला नावं हवीत आणि लेकीनं नाव घातलं की चालत नाही." मी गप्प बसलो.

टोनी मॉरिसनबाईंचं 'बिलव्हेड' तीनदा खाली ठेवलं. १८५६ साली मार्गारेट गार्नर नावाची बाई गुलामीतून पळाली, पकडणारे दारात आले तेव्हा लेकीला परत तिथं जावं लागू नये म्हणून तिनं त्या लेकीचा जीव घेतला. हे खरं घडलेलं. त्यावरून १९८७ साली बाईंनी ही कादंबरी लिहिली आणि ती मेलेली लेक घरात परत आणून बसवली. इंग्रजी अवघड आहे, कोण कधीचं बोलतंय ते पुष्कळदा कळलं नाही. पण बाप म्हणून सांगतो, आईबाप पोरांना वाचवण्यासाठी जे करतात ते पोरांवरच कसं उलटतं, हे इतकं उघडं मी दुसरीकडे कुठं वाचलेलं नाही. तिसऱ्यांदा खाली ठेवलं तेव्हा गच्चीवर जाऊन बसलो. आईनं विचारलं नाही.

आणि तू जे आधी वाचा म्हणाली होतीस ते मी शेवटी वाचलं. टॅनानरीव्ह ड्यू यांचं 'द रिफॉर्मेटरी'. १९५० सालचं फ्लोरिडा, बारा वर्षांचा रॉबी. बहिणीच्या वाटेला गेलेल्या गोऱ्या पोराला एक लाथ मारतो आणि त्यासाठी सहा महिने सुधारगृहात. बाप मजुरांचं संघटन करायचा, त्याला आधीच जीव घेऊन शिकागोला पळावं लागलेलं. पोराला तिथं मेलेली मुलं दिसायला लागतात आणि वॉर्डन त्यालाच ती भुतं पकडायला लावतो, लवकर सोडायचं आमिष दाखवून. मेलेल्या मुलांचं मला भय वाटलं नाही, कीव आली. वॉर्डन गोड बोलायला लागला की मात्र तळहाताला घाम सुटायचा. बहीण त्याला सोडवायला दारोदार फिरते तो भाग कुणाला लांबलेला वाटेल. मला नाही वाटला. तुझ्या नानाकाकांना चौकीवरून सोडवायला आजी कशी फिरली होती ते मी बघितलंय.

शेवटी लेखिकेनं लिहिलेलंही वाचलं. मारियाना गावातली ती खरी शाळा २०११ पर्यंत चालू होती. नंतर विद्यापीठाच्या लोकांनी तिथली जमीन खणली, ५५ जणांना पुरलेलं निघालं, शाळेच्या नोंदींपेक्षा कितीतरी जास्त. त्यात लेखिकेला आईकडून आजोबा लागणारा एक मुलगा होता, १९३७ साली मेला, पंधरा वर्षांचा. रॉबर्ट स्टीव्हन्स. तेच नाव, तेच आडनाव तिनं आपल्या रॉबीला दिलं. तू हे पुस्तक का ठेवून गेलीस ते त्या पानावर कळलं मला.

म्हणजे आलाच विषय.

सुमी, मी कागदावर अजूनही ते आडनाव लिहिलेलं नाही. जातही लिहिलेली नाही, बघ. तू तुझ्या चाळीस पानांच्या पहिल्याच पानावर, कादंबरीच्या नावाखाली, ते मोठ्या अक्षरात टाइप केलंस. त्या दिवशी मी पुढची एकोणचाळीस वाचलीच नाहीत, त्या एका पानावरच आवाज चढवला. तुझ्या आजोबांनी मला शाळेत घालताना त्या आडनावाच्या जागी गावाचं नाव लावून दाखला काढला, तेव्हापासून आपण हे आहोत. मी विमुक्त जातीचा दाखला कधी काढला नाही, ओपनमधून लागलो. फायदा नको होता असं नाही, मास्तरांच्या खोलीत तो कागद कुणी बघायला नको होता. नानांचं तुला अर्धंच माहीत आहे. १९७८ साली गल्लीत एक सायकल चोरीला गेली. सगळ्या गल्लीतून एकट्या नानांना उचललं, कारण चौकीवर आपल्या घराचं नाव जुन्या वहीत होतं. सायकल तिसऱ्या दिवशी मालकाच्या मेहुण्याकडे सापडली. नाना घरी आले ते दोन दिवस पाठ टेकवून झोपले नाहीत.

तू म्हणशील, कायदा गेला. जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा, ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, मीही तारीख पाठ करून बसलोय. पण लगेच सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि माणसांच्या डोक्यात जे असतं त्याला रद्द झाल्याची तारीख नसते. तू पुण्यात खोली भाड्यानं घेतलीस तेव्हा मालकिणीनं पहिल्यांदा काय विचारलं? उद्या पुस्तक छापून आलं, ऑफिसात कुणाचं पाकीट हरवलं तर नजर कुठं वळेल? ताईच्या सासरी अजून माहीत नाही. तू शिकलेली आहेस, पण जगानं किती पाणी दाखवलंय तुला? लेखनच करायचंय तर टोपणनावानं कर, कितीतरी मोठ्या माणसांनी केलं, त्यात कमीपणा काय आहे, शिवाय रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून डोळ्यांखाली काळं करून घ्यायचं कशासाठी

हे वाक्य अर्धं सोडून चहा घेऊन आलो. वर्गात उभं राहिल्यासारखा लिहायला लागलो होतो. माफ कर. खोडत नाही, पण हुकूम म्हणूनही वाचू नकोस.

वर्गाचं निघालंच तर एक सांगतो. चौतीस वर्षं मी इतिहास शिकवला. दर १२ जानेवारीला चार हुतात्म्यांवर भाषण माझंच असायचं. १९३० चा मार्शल लॉ, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा, १९३१ साली येरवड्याला फाशी. बोलता बोलता माझा गळा भरून यायचा, मुलं गप्प व्हायची. आणि याच गावात तारेच्या कुंपणात हजारो माणसं कोंडलेली होती, जन्मली म्हणून गुन्हेगार, गिरणीत कामाला जायचं तरी पास, पाळी सुटली की वेळेत आत, रोजची हजेरी. पुस्तकात धडा नव्हता. पण हुतात्म्यांवर बोलायला तरी मला धडा कुठं लागायचा? माझी आई त्या कुंपणात जन्मली आणि मी चौतीस वर्षांत त्यावर एक ओळ बोललो नाही. तुझ्या पिढीतल्या कुणी विचारलंच तर सेटलमेंट म्हणजे एक वस्ती, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता, एवढंच सांगत आलो.

तुझी बाकीची एकोणचाळीस पानं मी गेल्या आठवड्यात वाचली, दोनदा. आईनं कपाटात साड्यांखाली ठेवली होती. तुझी म्हातारी, जी मेल्यावरही रात्री घरात येऊन माणसं मोजते आणि आकडा जुळला नाही की दाराशी उभी राहते, ती वाचून मला भीती वाटली नाही. मला तुझी आजी आठवली. तू सातवीत होतीस ती गेली तेव्हा. तुला एवढं लक्षात असेल असं वाटलं नव्हतं.

आम्ही सहा भावंडं ओळीनं झोपायचो. ती पाळी संपवून आली की दिवा न लावता मोजायची, प्रत्येकाच्या डोक्यावर तळहात टेकवून. वाइंडिंग खात्यात सूत धरून तिच्या उजव्या तर्जनीला आडवी खाच पडलेली होती, ती खाच केसांत अडकायची, एखादा केस ओढला जायचा. आम्ही जागे असलो तरी हलायचो नाही. सहा झाले की ती "हं" म्हणायची आणि मगच पाणी प्यायची. नानांना चौकीवर ठेवलं होतं त्या रात्री ती पाचावर थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा पाच. उजाडेपर्यंत मोजत होती. कुंपण जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

मी तुला रात्री दहाला फोन करतो आणि तू चिडतेस, "अप्पा, रोज काय विचारायचं असतं?" काही विचारायचं नसतं. तू उचललास की मी पाणी पितो.

लिहिलंस चांगलं. ही बापाची माया नाही, मी कॉपी तपासणारा माणूस आहे, उगाच गुण दिले नाहीत कधी. त्या मॉरिसनबाईंनी मेलेली लेक आणली, तू मेलेली आजी आणलीस, आणि ती बदला घ्यायला आलेली नाही, फक्त हजेरी घ्यायला आलीय, हे तुला सुचलं याचा मला फार अभिमान वाटतो. त्या रात्री आईला वाचून दाखवलं. तिनं पदर डोळ्यांना लावला, मग म्हणाली, नाव घालू दे तिला. मी अजून हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही. ताईशी आधी बोलावं लागेल, ते मी बोलतो, तू बोलू नकोस. टोपणनावाचा एकदा विचार कर, एवढंच. नाही केलास तरी घरी ये.

चुका मात्र सांगतो, त्या दुरुस्त करून घे. पान नऊवर तू हजेरीला भोंगा वाजवलास. भोंगा गिरणीचा, हजेरीची घंटा असायची, आजीला दोन्ही आवाज वेगळे ओळखू यायचे आणि घंटेला ती शेवटपर्यंत उठून उभी राहायची, शाळेची असली तरी. पान चौदाला कुंपणाला दोन तारा लिहिल्यास. ती तीन म्हणायची. मधली पोरांच्या गळ्याला लागायची.

आणि पान एकवीस. तिथं म्हातारी एक, दोन, तीन अशी मराठीत मोजते. आजी मराठीत मोजायची नाही. ती आपल्या भाषेत मोजायची. ते आकडे मी तुला आणि ताईला शिकवले नाहीत, मुद्दाम नाही शिकवले. पुढच्या खेपेला आलीस की सांगतो. फोनवर नको, इथं लिहीतही नाही. दहापर्यंत मला येतात, पुढचे नानांना विचारावे लागतील.

तुझे,
अप्पा