पेटी दुरुस्त करता करता चाल घडवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

दुकानात आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच कानस उचलता आणि रीडकडे, पेटीतल्या त्या पितळी पात्यांकडे, बघायला लागता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर.

गेल्या जूनमध्ये आईची बाजाची पेटी घेऊन मी बोरिवलीहून स्लो लोकलनं चर्नी रोडला उतरले आणि गिरगावात तुमच्याकडे आले. आईला जाऊन दोन महिने झाले होते. भात्याला चीर, दोन सूर मुके. ‘वेळ लागेल, बस,’ म्हणालात.

गाण्याचं वेड मला लहानपणापासून. आठवीत असताना एका क्लासमधून ‘गळ्यात फिरत नाही’ म्हणून परत पाठवलं आणि मी कुणासमोर तोंड उघडायचंच सोडलं. चाली मात्र सुचत राहिल्या. गाडीत, भाजी निवडताना, तीसेक वर्षं. त्या कुणाला ऐकवाव्यात असं मनातही आलं नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही सूर जुळवत होतात. दोन रीड एकदम वाजल्या की आवाजात लाट उठायची. तुम्ही पात्याच्या टोकाशी हलकेच खरवडायचात, लाट संथ व्हायची; पुन्हा एकदा खरवडायचात, आणि लाट नाहीशी. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, हे तुम्हीच सांगितलंत. ते बघता बघता मी गुणगुणायला लागले असणार. मान वर न करता तुम्ही विचारलंत, ‘कुणाची चाल?’

‘माझीच,’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला.

शब्द आईचे होते. घरखर्चाच्या वहीत, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहिलेले:

उंबऱ्याशी दिवा, वाट तुझी पाहे
अंगणात राहे, सांजवेळ

‘अक्षरं मोजलीस का?’ तुम्ही विचारलंत. सहा, सहा, सहा, चार. हा ‘मोठा अभंग’ नावाचा छंद. आईनं ती मोजली होती की नुसती कानानं लिहिली होती, कोण जाणे.

मी चाल भूप रागात बांधली होती. तुम्ही ती दोनदा गायला लावलीत आणि म्हणालात, ‘अगं, शब्द वाट बघतायत आणि तुझी चाल घरी पोचली.’ खरंच, ‘पाहे’वर मी सरळ षड्जावर, म्हणजे घरच्या ‘सा’वर, येऊन बसत होते. पुढच्या शनिवारी मुक्काम बदलून आले, धैवतावर, म्हणजे ‘ध’वर. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. ‘आता देसकार झाला. सांजवेळ म्हणतेस आणि सकाळ उजाडली की गं.’ सा रे ग प ध, दोन्ही रागांचे सूर हेच पाच. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, त्याचा जीव गंधारात, म्हणजे ‘ग’मध्ये. देसकार सकाळचा, तो धैवतावर रमतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. गळ्याला कळलं ते त्या शनिवारी, तुमच्या बाकड्यावर.

मग तुम्ही भाता मिटलात. ‘पेटीवर चाल शोधू नकोस. पट्टीवरून पट्टीवर उड्या मारतेस.’ जन्मभर पेट्या दुरुस्त करणारा माणूस हे सांगत होता. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं, निघत नाही, याही कारणानं १९४० पासून तीसेक वर्षं ऑल इंडिया रेडिओनं तिला दूर ठेवलं, हेही तुम्ही शांतपणे सांगितलंत, तिच्यावरचं प्रेम तसूभरही कमी न करता. मी नुसते शब्द बोलत राहिले. बोलता बोलता ‘पाहे’ गंधारावर थांबला, मग रिषभाकडे, ‘रे’कडे, ओघळला आणि तिथेच रेंगाळला. षड्ज मिळाला तो थेट ‘सांजवेळ’च्या शेवटच्या अक्षरावर. तुम्ही काही बोलला नाहीत. बोटानं बाकड्यावर भजनी ठेका धरलात.

त्यानंतर किती शनिवार आले, मोजले नाहीत. दुरुस्तीचे पैसे घेतलेत, शिकवण्याचे एकदाही नाहीत. ‘मी कुठे शिकवतो?’ असं म्हणायचात. काका, तुम्ही शिकवलंत. तीस वर्षं बंद असलेलं दार तुम्ही एका साध्या प्रश्नानं उघडलंत.

परवा आईच्या भजनी मंडळात तो अभंग म्हटला. दुसऱ्या फेरीला टाळ आपोआप आले, तिसऱ्या फेरीला बायका ‘अंगणात राहे’ उचलू लागल्या. आईच्या शेजारी बसणाऱ्या आजींनी नंतर विचारलं, ‘हा कुठल्या संतांचा गं?’

‘आईचा,’ म्हटलं. ‘आणि चाल?’ ‘माझी,’ म्हटलं. या वेळी आवाज कापला नाही.

त्याच वहीत अजून अकरा रचना सापडल्या आहेत. एक चालीत बसतेय, पण तिसऱ्या चरणाला अडते. शिवाय पावसानं पेटीची एक पट्टी फुगून चिकटायला लागली आहे. शनिवारी दोन्ही घेऊन येते.

तुमची,
बोरिवलीची पेटीवाली