फक्त बावीस भागांचा फ्लॅश

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

एका वर्षात गुंडाळलेल्या मालिकेत जीव अडकावा असं काय आहे, असं तू विचारलंस. फोनवर घाईघाईत सांगितलं असतं तर मनासारखं झालं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

१९९० ची 'द फ्लॅश', अफाट वेगाने धावणाऱ्या सुपरहिरोची मालिका. सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर सप्टेंबरात सुरू झाली आणि पुढच्या मे महिन्यात संपली. भाग फक्त २२. गुरुवारी रात्री समोर दुसऱ्या वाहिन्यांवर 'द कॉस्बी शो' आणि 'द सिम्पसन्स', त्यात आखाती युद्धाच्या बातम्या, सारखी बदलणारी वेळ आणि टीव्हीच्या मानाने अफाट खर्च. एवढ्यात कुठलीही मालिका बुडाली असती.

पण ती बघताना जाणवतं की बनवणाऱ्यांनी या माणसाला मनापासून खरं मानलंय. बॅरी अ‍ॅलन पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा. वीज पडते आणि अंगात वेग येतो. मग तो धावला की कपड्यांच्या चिंध्या होतात आणि पोटात भुकेचा डोंब उसळतो. त्याला मदत करणारी शास्त्रज्ञ टीना मॅगी जो लाल पोशाख देते, तो मुळात खोल समुद्रात उतरण्यासाठी बनवलेला. शक्ती मिळाली की शरीराला तिची किंमत मोजावी लागते, हे इतक्या साधेपणाने दाखवलेलं मला फार आवडतं. बॅरी झालेल्या जॉन वेस्ली शिपने भावाच्या मृत्यूचं दुःखही तसंच जपून केलंय, कुठेही आक्रस्ताळेपणा नाही.

आणि संगीत! शीर्षकाची धून डॅनी एल्फमनची, पण भागांच्या संगीताचा भार वाहिला शर्ली वॉकरने. १९८९ च्या 'बॅटमॅन' चित्रपटात एल्फमनच्या संगीताचं वाद्यवृंद-संचालन तिनेच केलं होतं. फ्लॅश बंद पडल्यावर १९९२ पासून बॅटमॅनच्या अ‍ॅनिमेटेड मालिकेचं संगीत तिच्याकडे आलं, आणि कित्येकांच्या कानात बॅटमॅन म्हटलं की आजही तेच वाजतं. अभिनेता मार्क हॅमिलचंही तसंच बघ. इथे दोन भागांत तो ट्रिकस्टर नावाचा खलनायक झाला. पुढे त्या अ‍ॅनिमेटेड मालिकेत बॅटमॅनचा शत्रू जोकर याला त्याचाच आवाज. माझ्या मते या मालिकेचा खरा वारसा ही माणसंच आहेत.

२०१४ मध्ये नवी 'द फ्लॅश' आली, तेव्हा तिच्या निर्मात्यांनी शिपला नव्या बॅरीच्या वडिलांची भूमिका दिली. अमांडा पेज पुन्हा टीना मॅगी, हॅमिल पुन्हा ट्रिकस्टर. पण मला गलबलून आलं ते डिसेंबर २०१९ मध्ये. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या, अनेक सुपरहिरो मालिकांना जोडणाऱ्या कथेत शिप जुन्या पोशाखातला त्याचा स्वतःचा फ्लॅश होऊन आला. मरायला निघालेल्या नव्या मालिकेतल्या तरुण बॅरीला त्याने बाजूला सारलं आणि त्याच्या जागी स्वतः धावला. शेवटच्या क्षणी जुन्या मालिकेतलं त्याचं आणि टीनाचं दृश्य येतं. १९९१ मध्ये कुणी त्या माणसाला निरोप दिला नव्हता रे. अठ्ठावीस वर्षांनी दिला, आणि तोही नायकाला शोभेल असा.

तू आधी पहिला, दुप्पट लांबीचा भाग बघ. मग ट्रिकस्टरचे दोन्ही. २०१९ चं मात्र लगेच लावू नकोस, सगळे २२ संपल्यावरच. आणि बघून झालं की सविस्तर लिही, दोन ओळींत उरकू नकोस.

तुझा,
निखिल