सातवा हेन्री संगमरवरी नाही, मातीचा आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला रेनेसाँस शिल्पांवरचा लेख वाचला, छान आहे, पण इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याच्या अर्धपुतळ्याच्या फोटोखाली ‘संगमरवरी’ असं छापलंय ते चूक आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला हा पुतळा टेराकोटाचा, म्हंजे भाजलेल्या मातीचा आणि वरून रंगवलेला आहे. एवढ्याशा चुकीसाठी कशाला पत्र लिहायचं असं घरचे म्हणाले, पण माझ्या मते तो मातीचा आहे हीच त्यातली खरी गोष्ट आहे आणि नेमकी तीच लेखातून सुटली.

हेन्री २१ एप्रिल १५०९ ला रिचमंडच्या राजवाड्यात वारला, वय ५२. पुतळा साधारण त्याच सुमाराचा, फ्लॉरेन्सच्या पिएत्रो टोरिजियानोने केलेला, आणि चेहरा बहुधा मृत्यूनंतर घेतलेल्या साच्यावरून बेतलेला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. आता तो चेहरा नीट बघा. आत गेलेले गाल, डोळ्यांखाली सैल पडलेली कातडी, घट्ट मिटलेले ओठ. दरबारात वावरलेला इतिहासकार पॉलिडोर व्हर्जिल लिहितो की राजाचे दात थोडेच उरले होते आणि तेही काळपट, केस विरळ आणि पांढरे, म्हंजे ओठ मिटलेले का असतील ते मला तरी लगेच पटलं (हा माझा अंदाज, म्युझियमवाल्यांचा नाही). हा माणूस १४ वर्षं ब्रिटनी (आज फ्रान्सचा भाग, तेव्हा वेगळं संस्थान) आणि फ्रान्समध्ये परागंदा राहिला, तोवर तो नुसता रिचमंडचा अर्ल, म्हंजे सरदार, तोही कागदावरच, मग १४८५ ला बॉसवर्थची लढाई जिंकून राजा झाला, आणि नंतर पैशाच्या बाबतीत पक्का चिकट म्हणून नाव काढलं ते वेगळंच. एवढं सगळं चेहऱ्यावर दिसतं असं मी म्हणत नाही, पण थकवा तर दिसतोच.

संगमरवरात दगड काढत जायचं असतं, एकदा उडाला की परत लावता येत नाही. मातीत उलटं, अंगठ्याने दाबा, चिमूटभर लावा, नाही आवडलं तर पुसा, म्हणून कातडीचा सैलपणा मातीत जेवढा येतो तेवढा दगडात आणायला फार मारामारी करावी लागते. पण माती सोपी असते असं समजू नका. भरीव डोकं भट्टीत घातलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतंच, म्हणून मागून किंवा खालून कोरून पोकळ करायचं, भिंत सगळीकडे सारखी ठेवायची, मग हळूहळू वाळवायचं, त्यात ते आक्रसणार, नाकाजवळ जाड राहिलं तर तडा ठरलेला. एवढं करून भाजून निघालं की मग रंगाचा अस्तर आणि रंग. आणि काही जण याला ‘ब्राँझच्या पुतळ्यासाठीचं कच्चं मॉडेल’ म्हणतात!

लेखात टोरिजियानोवर दोन ओळी आहेत आणि दोन्ही मायकेलअँजेलोचं नाक फोडल्याच्या. खरंय, फोडलं, तरुणपणी, आणि हा स्वतः ते फुशारकीने सांगायचा असं चेल्लिनी या शिल्पकाराने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पण बिचाऱ्याची ओळख ५०० वर्षं त्या एका ठोशावरच चाललीये. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधली हेन्री आणि त्याची बायको राणी एलिझाबेथ यांची सोनेरी ब्राँझची समाधी त्याचीच, १५१२ चा करार, १५०० पाऊंड, त्या काळी जबरदस्त रक्कम. जॉन यंग या धर्माधिकाऱ्याच्या समाधीत तर त्याने परत टेराकोटाच वापरला. ॲबीत त्याने उभारलेली मोठी वेदी मात्र १६४४ मध्ये प्युरिटन लोकांनी, म्हंजे कडव्या प्रोटेस्टंटांनी, फोडली.

आणि माती म्हंजे गरिबाचा संगमरवर असंही नव्हतं. आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्झी याने आपल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यासाठी जिओव्हानी दा मायानो या इटालियन शिल्पकाराकडून रोमन सम्राटांचे गोल टेराकोटा चेहरे करून घेतले, १५२१ चा हिशोब उपलब्ध आहे, एकेकाला २ पाऊंड ६ शिलिंग ८ पेन्स. पैशाला कमी नसलेला माणूस हौसेने माती घेत होता.

तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापलीत तर बरं होईल, आणि जमलं तर फोटोही परत छापा, थोडा मोठा, यावेळी कापाकापीत राजाची टोपी अर्धी गेली होती.

आपला,
एक नियमित वाचक