बारा पायांचा डायनासोर आणि आमची रिक्षा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी साताऱ्यात शाळेच्या पोरांची रिक्षा चालवतो. सकाळी करंज्यातून पोरं उचलायची, पोवई नाक्यावरून शाळेत सोडायची, दुपारी परत घरी. किती पोरं बसवतो ते इथं लिहीत नाही, आरटीओतले साहेबही आपला पेपर वाचतात. पूर्वी पोरं आपसात भांडत जायची. आता मोबाईलला स्पीकर जोडून गाणी लावावी लागतात, आणि गेली दोन वर्षं गाणी म्हणजे फक्त डायनासोर. ग्रेड सेपरेटरच्या बोगद्यात रिक्षा शिरली की सगळी मिळून डरकाळी फोडतात. एकदा मागचा मोटारसायकलवाला घाबरून खरंच थांबला होता.

गाणी वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. ज्या पोराला सातचा पाढा येत नाही, तो 'पॅरासॉरोलोफस' हे डायनासोरचं नाव एका दमात म्हणतो. मी अजून अडखळतो. चालीवर पाठ झालेलं डोक्यातून जात नाही. माझी आई शाळेची पायरी चढली नव्हती, पण जात्यावरच्या ओव्या तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होत्या. पण मग गाण्यात चूक असली तर तीही जन्माची बसते, आणि माझी तक्रार तिथं आहे. एका गाण्यात कातडं नेसलेला माणूस डायनासोरच्या पाठीवर बसून शिकारीला निघतो. डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि आपल्यासारखा माणूस आला तो गेल्या तीन लाख वर्षांतला. दुसऱ्या एका गाण्यात जे जे उडतं, पोहतं ते सगळं डायनासोर. आकाशात उडणारे टेरोसॉर हे डायनासोर नव्हेतच. उलट कोंबडी डायनासोरच्या वंशातली आहे. हे मी पोरांना सांगितलं, तर डब्यात अंडं आणणाऱ्या एकानं दोन दिवस डबा उघडला नाही.

पण दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी माझी चूक सांगतो. रिक्षा घेण्याआधी मी आठ वर्षं खडी क्रशरवर होतो. आपला काळा दगड फोडताना कधी कधी आत पोकळी लागते आणि पोकळीत पांढरे, सुईसारखे टोकदार खडे असतात. आम्ही त्यांना गारा म्हणायचो. घरी डबाभर होत्या. पोरांना खूश करायला मी एक मूठभर आणल्या आणि 'हे डायनासोरचे दात' म्हणून वाटल्या. वर चार ओळींचं गाणंही जुळवलं, 'अजिंक्यताऱ्याच्या पोटात डायनासोरचे दात'. आठवडाभर तेच चाललं. मग दुसरीतल्या एका मुलीनं तो दात शाळेत नेऊन बाईंना दाखवला, आणि संध्याकाळी रिक्षात बसताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

माझ्या रिक्षात अधूनमधून कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या एक मॅडम बसतात. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही आठ वर्षं दगड फोडलात, कधी हाड निघालं का?" नाही निघालं. निघणारच नव्हतं. आपला हा सगळा दगड लाव्हाचा. जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरला, एकावर एक थर बसले. महाबळेश्वरकडं थरांची उंची हजार मीटरच्या वर जाते. घाटात कापलेल्या दरडीत मधेच विटेसारखा लाल पट्टा दिसतो ना, ती दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, वरच्या लाव्हानं भाजलेली. गारा म्हणजे लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत मागून पाण्यानं आणून भरलेले स्फटिक. जीवाश्म व्हायला गाळ लागतो. हाड चिखलात गाडलं गेलं पाहिजे आणि पाण्यातले क्षार हळूहळू त्यात उतरले पाहिजेत. लाव्हा थांबल्यावर मधल्या काळात जिथं तळी साठली, तिथं काहीबाही सापडतं. मुंबईत वरळीच्या टेकडीत बेडकांचे जीवाश्म सापडलेत ते असेच.

म्हणजे साताऱ्याच्या दगडात डायनासोर नाही. पण हा दगड ओतला गेला तो डायनासोर संपले त्याच सुमाराला. मेक्सिकोत अशनी आदळला आणि इकडं आपला लाव्हा वाहत होता. डायनासोर संपवण्यात त्या लाव्हाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांची अजून जुंपलेली आहे. ज्या दगडाच्या पायरीवर बसून पोरं रिक्षाची वाट बघतात, त्या दगडाची एवढी मोठी गोष्ट आहे आणि एकाही गाण्यात ती नाही.

मॅडमनीच मला बारापासॉरस नावाचा आपल्याकडचा डायनासोर सांगितला. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सुमारे तीनशे हाडं सापडली, निदान सहा जनावरांची. त्यातलं मांडीचं एक हाड माणसाच्या उंचीएवढं. तेव्हा १९६१ साल होतं, रवींद्रनाथ टागोरांच्या जन्माला शंभर वर्षं झाली होती, म्हणून नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आकडेमोडीच्या संस्थेत डायनासोर कसा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही, पण आहे. लांबी साधारण १४ मीटर.

दुसऱ्या दिवशी रिक्षात हे नाव घेतलं आणि घोटाळा झाला. बंगालीत 'बारा पा' म्हणजे मोठा पाय. आमच्या पोरांनी ऐकलं बारा पाय! एकानं चित्रच काढून आणलं, गोमेसारखा डायनासोर, बाराच्या बारा पाय मोजून काढलेले. त्याला खोटं पाडायला जीव होईना, पण दातांचा अनुभव ताजा होता. मग वासुदेवाच्या चालीवर हे जुळवलं:

नाव त्याचं बारापा, पाय त्याला चार,
खोटं वाटत असंल तर मोजा एकवार!
पाच रिक्षा लावा गड्या एकीमागं एक,
तरी मागं उरंल त्याच्या शेपटाचं टोक!

हे काही मोठं काव्य नाही. पण आता रिक्षातलं कुठलंही पोर उठवून विचारा, बारापाला पाय किती. चित्रवाल्यानं आठ पाय खोडलेत. खोडलेले दिसतात अजून.

डरकाळीचंही तसंच. मॅडम म्हणाल्या, सिनेमात डायनासोर तोंड वासून गर्जतात, पण मगरी आणि काही पक्षी तोंड मिटून घुमतात, तसेच कितीतरी डायनासोर घुमत असावेत असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. त्या पॅरासॉरोलोफसच्या डोक्यावर लांब तुरा होता, आतून पोकळ, नळ्या फिरवलेल्या. जवळजवळ तुतारीच. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या संशोधकांनी त्याच्या कवटीचं सीटी स्कॅन करून १९९७ साली संगणकावर त्याचा आवाज तयार केला. मी आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, मला खर्ज कळतो. पोरांना म्हटलं, उद्या बोगद्यात ओरडायचं नाही, ओठ मिटून खाली 'हूं' धरायचा. संपादकसाहेब, डरकाळीनं घुमला नव्हता एवढा बोगदा घुमला. पहिलीतला एक म्हणाला, "काका, पोटात गुदगुल्या झाल्या." आता रोज तेच.

आणखी एक गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडं पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं डायनासोरची हाडं तर सापडतातच, पण शेणाचे दगड झालेले गोळेही सापडतात. त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचं २००५ साली जाहीर झालं. तोवर डायनासोरच्या काळात गवत असेल असं फारसं कुणी धरत नव्हतं. दगड झालेल्या शेणातून एवढं कळलं! पाच-सहा वर्षांच्या पोरांना याच्याइतका आवडीचा विषय दुसरा नाही हे कुठलीही आई सांगेल, आणि तो आपल्या महाराष्ट्रातला आहे. यावर मराठीत गाणं का नसावं?

तेव्हा विनंती अशी. आपल्या रविवारच्या बालपानावर कविता येतात, त्यात परी असते, चांदोबा असतो, मामाचा गाव असतो. महिन्यातून एकदा तरी असं गाणं छापा, ज्यात आपला दगड, आपले जीवाश्म असतील. वर चाल लिहा: ओवीची, वासुदेवाची, भोंडल्याची, म्हणजे स्पीकर नसला तरी म्हणता येईल. आणि छापण्याआधी भूशास्त्र कळणाऱ्या कुणाला तरी दाखवा, नाहीतर माझ्यासारखे दात वाटले जातील. संगीत शिकवणारे आणि भूगोल शिकवणारे एकाच शाळेत शेजारच्या खोल्यांत बसतात. त्यांनी मधल्या सुट्टीत चहा घेत एक कडवं जुळवलं तरी पुष्कळ.

माझं पुढचं कडवं अडलंय. 'जीवाश्म'ला यमक मिळत नाही. आमच्या मंडळातल्या बुवांनी 'भस्म' सुचवलं. मला पसंत पडलं, लाव्हाच्या कडव्यात चपखल बसत होतं. रिक्षात म्हणून दाखवलं, तर दातवाली मुलगी लगेच म्हणाली, "काका, भस्म झाल्यावर जीवाश्म कुठून होणार?" कुणा वाचकाला दुसरा शब्द सुचला तर कळवावा.

आपला,
एक रिक्षाकाका
करंजे, सातारा