तरसाचा खर्च

चोपडा, 8 जून

प्रिय नाना,

दिवाळीनंतर तुला ना फोन, ना मेसेज. तू दोनदा केलास, मी उचलला नाही. काय रागवायचं ते रागावून घे आणि मग पुढे वाच. माझी शुगर आटोक्यात आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत.

गाडी विकली भो मी. आपली आरएक्स 100. फोनवर सांगायला तोंड उघडेना, म्हणून लिहितोय.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री अडीचला वनरक्षकाचा फोन आला. अडावदच्या अलीकडे, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, केळीच्या ट्रकने तरसाला उडवलं होतं. मादी. मागचा डावा पाय मांडीपासून लोंबत होता आणि पुढच्या दोन पायांवर अंग ओढत ती रस्त्याकडेच्या चारीत उतरली होती. वरून दहा-बारा पोरं टॉर्च मारत व्हिडिओ काढत होती, एकाच्या हातात दगड. मी ओलं गोणपाट अलगद तिच्या तोंडावर टाकलं. गुरगुर थांबली, नुसता धापेचा आवाज येत राहिला. डोळे झाकले की अर्धी भीती उतरते, हे तूच शिकवलंस, त्या सायाळीच्या वेळी. (तिने तुझ्या मांडीत काटे कुठे रोवले होते ते आमच्याकडे पाहुणे आले की मी अजूनही सांगतो.)

पाय वाचवायचा तर प्लेट टाकावी लागणार, असं डॉक्टर म्हणाले. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं उपचार केंद्र आहे, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी आहे; पण चोपड्याहून नागपूर चारशे किलोमीटरच्या वर. एप्रिलच्या उन्हात, मोडलेल्या पायाचं जनावर पिंजऱ्यात घालून न्यायचं म्हणजे वाटेतच जायचं. मग इथेच ठरलं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती सरकारची मालमत्ता, त्यामुळे लेखी परवानगी आली, रोपवाटिकेमागची खोली मिळाली, केटामिन-झायलाझिनची भूल देऊन ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्वतःची फी घेतली नाही. पण प्लेट, स्क्रू, एक्स-रे, भुलीचं औषध, अँटिबायोटिक हे कोण फुकट देणार? आणि रोज दीड-दोन किलो कोंबडी, हाडांसकट. आईने पहिल्या आठवड्यातच ऐकवलं, ‘तरसले मटन नि पोऱ्हेसले वरन-भात!’ (आणि दुसऱ्या दिवसापासून कूलरमधलं पाणी भरायला तीच बापूला पिटाळायला लागली.)

आजवरचा आकडा एकोणसाठ हजारांवर गेलाय. सरकारी पैसे येतात, पण बिलं वर जाऊन मंजूर होऊन येईपर्यंत जनावराला थांब म्हणता येत नाही.

मी दारोदार हिंडलो नाना. मोराचं पिल्लू असतं तर दोन दिवसांत पैसे जमले असते. बिबट्याचा बछडा असता तर मुंबईहून आले असते. तरस म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. ‘ते मढी उकरणारं?’ अरे, मेलेलं ढोर रानात सडू न देता हाडांसकट संपवणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे? गिधाडं तर आपल्या डोळ्यांदेखत गेली. सुंदर असेल त्यालाच वाचवायचं, हे मला आतून पटत नाही.

आणि पैसे देणाऱ्यांना पिंजरा द्यायचा असतो, पत्रे द्यायचे असतात, ज्यावर नाव रंगवता येतं ते सगळं द्यायचं असतं. खाद्याला कोणी देत नाही, औषधाला देत नाही, रात्रीची राखण करणाऱ्या पोराच्या पगाराला तर नाहीच नाही. ज्यात जनावर जगतं तो खर्च दिसत नाही. आपलं काम नीट झालं तर शेवटी दाखवायला काहीच उरत नाही, पिंजरा रिकामा असतो.

मे महिन्यात एक मोठे गृहस्थ तयार झाले. एक लाख, रोख नाही, चेकने. कोण ते तू ओळखशील, लिहीत नाही. दारावर पाटी लावायची, इथपर्यंत मी हो म्हणालो. मग म्हणाले, नातवाचा वाढदिवस आहे, तो आपल्या हाताने तिला खाऊ घालेल, फोटो काढू, दर रविवारी घरची मंडळी बघायला येतील. मी म्हणालो, साहेब, आम्हीसुद्धा तिच्यापुढे जात नाही. खाणं फळीखालून सरकवतो, आत कोणी बोलत नाही, मोबाइल बाहेर ठेवतो. माणसाचा वास म्हणजे मटण, हे एकदा डोक्यात बसलं की ती सुटल्यावर गावात येणार. त्यांना वाटलं मी भाव खातोय. चेक फाडला माझ्यासमोर.

घरचे सगळे म्हणाले, एक फोटो काढू दिला असता तर काय बिघडलं असतं. त्यांना मी काय सांगू? त्यांनी शेठला, आपल्या त्या माणसाळलेल्या पाखराला, पाहिलेलं नाही. तू आणि मी पाहिलंय. सोडल्यावर चौथ्या दिवशी बसस्टँडवर माणसाच्या खांद्यावर जाऊन बसलं ते, आपल्यासारखाच कोणी असेल म्हणून. नंतर त्याचा तो पंख तू रुमालात गुंडाळून आणलास. मी त्या दिवशी जेवलो नव्हतो, तू आठ दिवस बोलला नव्हतास. लाखाला नाही म्हणताना डोळ्यांपुढे तेच होतं.

आता तुझं एक कबूल करायचंय. संस्था रजिस्टर करू म्हणून तू किती भांडलास. धर्मादाय आयुक्तांकडे जाऊ, 12ए करू म्हणजे संस्थेचा कर वाचेल, 80जी करू म्हणजे देणाऱ्याचा. मी म्हणालो, आपण काय दुकान टाकतोय का? केळीच्या बागेत उभे राहून भांडलो, डबा तसाच परत आला, वहिनींच्या हातचं भरीत वाया गेलं (ते दुःख अजून आहे). तू बरोबर होतास. आज प्रत्येक जण पहिलं विचारतो, 80जी आहे का? 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामाला (सीएसआरला) द्यावे लागतात, आणि त्या यादीत वन्यजीव, प्राणीकल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे. पण त्यासाठी संस्थेची सीएसआर-1 नोंदणी लागते, तिच्याशिवाय दारात उभं करत नाहीत. जूनअखेर अर्ज टाकतोय. सात विश्वस्तांत तुझं नाव घातलंय, विचारलं नाही. आधार-पॅनच्या प्रती पाठव. आणि तुझ्या कंपनीतल्या त्या बाईंना विचार, इमारतीऐवजी वर्षाच्या खाद्य-औषधाला पैसे देतात का. तेवढंच विचार.

1997 साली शहाद्याकडे वनपिंगळा पुन्हा सापडला तेव्हा आपण कॉलेजात होतो. 113 वर्षं कोणाला दिसला नव्हता, जगाने संपला म्हणून सोडून दिलेला, आणि तो आपल्या सातपुड्यात फांदीवर बसलेला! त्या बातमीच्या आठवड्यातच आपण अर्धे अर्धे पैसे घालून गाडी घेतली, सेकंडहँड. त्या गाडीच्या टाकीवर खोका ठेवून आपण किती जीव आणले असतील. घेणारा यावलचा आहे, चांगली ठेवील. सव्वीस हजार मिळाले. तुझे अर्धे मी खाल्ले, म्हणजे तिने खाल्ले.

गेल्या मंगळवारी कॅमेऱ्यात पाहिलं, तिने चौथा पाय टेकवला. आधी नखं, मग पंजा. दोन पावलं टाकली आणि भिंतीला अंग घासून उभी राहिली. डॉक्टर म्हणतात अजून महिनाभर, मग जिथली तिथे, अडावदच्या वरच्या रानात. रात्रीच सोडायची.

छकुलीचा बारावीचा निकाल कळला, शाब्बास म्हण तिला. वहिनींची बदली झाली का? काकांना नमस्कार.

आणि एक. गाडीची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे, ती लाल दोऱ्याची. घेणारा मागतोय. कुरियर करू नकोस, घेऊनच ये.

तुझा,
बंडू