डबक्यातला नाच

महोदय,

‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) या हॉलिवूडपटातलं शीर्षकगीत किती वेळा पाहिलं, मोजदाद नाही. नायक जीन केली भर पावसात दिव्याच्या खांबावर चढतो, छत्री मिटतो, पन्हळीच्या धारेखाली खुशाल तोंड धरतो आणि शेवटी डबक्यात थयथय नाचतो. तेवढ्यात मागे हवालदार येऊन उभा! केली ओशाळतो, जाता जाता छत्री एका वाटसरूला देऊन टाकतो. चित्रीकरणावेळी त्याला सणकून ताप होता म्हणे. चेहऱ्यावर मागमूसही नाही. पाण्यातल्या बुटांचा तो टपटप-चपचप ताल मात्र नंतर मुद्रित केलेला, हे कळल्यावर मी जरा हिरमुसलो होतो. परवा नातवाला दाखवलं. तो म्हणाला, “आजोबा, ह्याला घरी कोणी ओरडत नाही?”

– एक वाचक, पुणे