पिरॅमिड बघितला, विहीर राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मेक्सिकोतल्या कानकुनवरून होणाऱ्या एक दिवसाच्या ट्रिपांवर लेख आला होता. फोटो फार सुंदर होते, वर चिचेन इत्झा या तिथल्या मूळच्या माया लोकांच्या प्राचीन शहरातला पिरॅमिड आणि खाली निळ्याशार पाण्यात पोहणारी मंडळी. आम्ही पण मागच्या वर्षी फेब्रुवारीत तिथे जाऊन आलो, मुलाकडे अमेरिकेत होतो तेव्हा त्याने आठवडाभर सुट्टी काढली आणि सगळ्यांना घेऊन गेला, त्यामुळे लेख वाचल्यावर घरात सगळ्यांनी आपापले फोटो परत उघडून बघितले. पण एक गोष्ट लेखात नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्ही घेतलेल्या ट्रिपमध्ये पण नव्हती, म्हणून हे पत्र.

लेखात पिरॅमिड एका चौकटीत आणि सेनोते, म्हणजे तिथली खोल नैसर्गिक विहीर, दुसऱ्या चौकटीत होतं. सकाळी इतिहास, दुपारी पोहणं. सगळे टूरवाले असंच विकतात. पण चिचेन इत्झा या नावाचाच अर्थ आहे इत्झा लोकांच्या विहिरीचं तोंड. म्हणजे गावाचं नावच विहिरीवरून पडलंय आणि सेनोते हा शब्द पण माया भाषेतल्या त्सोनोत वरून स्पॅनिश लोकांनी उचललाय. पाणी होतं म्हणून ते शहर तिथे उभं राहिलं. दोन्ही वेगळं केलं की पिरॅमिड म्हणजे नुसता दगड उरतो आणि विहिरीचा स्विमिंग पूल होतो.

आमची ट्रिप कशी झाली ते थोडक्यात सांगते. पहाटे साडेसहाला गाडी आली, मग वेगवेगळ्या हॉटेलांवरून लोक गोळा करण्यातच दीड तास गेला, वाटेत एका मोठ्या दुकानात पाऊण तास थांबवलं, आणि चिचेन इत्झाला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं होतं. तिथे सावली नाही म्हटलं तरी चालेल. तासभर गाईडसोबत फिरलो, मग चाळीस मिनिटं मोकळी, मग बुफे, मग सेनोतेमध्ये पन्नास मिनिटं, मग वाटेतल्या वायादोलिद गावाच्या चौकात गाडीतून उतरून फोटो काढण्यापुरते वीस मिनिटं आणि परत. चौदा तासांचा दिवस झाला. गाईड चांगला होता, मनापासून सांगत होता, पण त्याला कंपनीने वेळ ठरवून दिलेली. पिरॅमिडच्या एकेका बाजूला 91 पायऱ्या, चार बाजूंच्या मिळून 364 आणि वरचा चौथरा धरून 365, वर्षाचे दिवस, हे त्याने सांगितलं. पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज परत येतो तेही करून दाखवलं, माझ्या नातवाने तर किती टाळ्या वाजवल्या त्याला हिशोब नाही. आता वर चढू देत नाहीत, बरीच वर्षं बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण मी विचारलं की इथली जी पवित्र मानलेली सेनोते आहे ती कुठे आहे, तर म्हणाला इथून जवळच आहे पण आपल्या वेळात बसत नाही.

जवळच म्हणजे किती, तर जवळपास 300 मीटर! मोकळ्या चाळीस मिनिटांत मी आणि सून दोघीच भराभर चालत गेलो. जुन्या काळचा माया रस्ता आहे तो, त्याला सक्बे म्हणतात, म्हणजे पांढरा रस्ता, आता दोन्ही बाजूंना विक्रेते बसलेले असतात लाकडी मुखवटे आणि जग्वारच्या आवाजाच्या शिट्ट्या घेऊन. रस्ता संपतो तिथे झाडीतून एकदम मोठं गोल भगदाड समोर येतं, 60 मीटर व्यासाचं, सरळ उभे कातळ आणि खूप खाली हिरवंगार, न हलणारं पाणी. इथे पोहायला बंदी आहे. आम्ही दोघी काही न बोलता उभ्या राहिलो. आणि वळून बघितलं तर आपण ज्या रस्त्याने आलो तो सरळ पिरॅमिडकडून इथे येतो, म्हणजे ज्यांनी हे बांधलं त्यांच्या डोक्यात ह्या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्याच होत्या. त्याच आवारात इश्तोलोक नावाची दुसरी सेनोते आहे, ती पिण्याच्या पाण्याची. आणि 2015 साली मेक्सिकोच्या संशोधकांनी जमिनीत वीजप्रवाह सोडून तपासलं तर खुद्द पिरॅमिडच्या पोटाखालीसुद्धा पाण्याची पोकळी असल्याचं दिसलं. एवढं सगळं असताना आमच्या गाडीतले चाळीस लोक विहीर न बघताच बुफेला गेले याचं मला खरंच वाईट वाटलं.

हे असं का आहे ते समजून घेण्यासारखं आहे. हा सगळा भाग म्हणजे युकातान द्वीपकल्प, त्याच्या उत्तर भागात जमिनीवर नदीच नाही. सगळा चुनखडीचा खडक, वर मातीचा अगदी पातळ थर, पाऊस पडला की पाणी खाली मुरतं आणि हजारो वर्षं खडक विरघळवत आतून गुहा तयार करतं, मग एखाद्या ठिकाणी छत कोसळतं आणि सेनोते उघडी पडते. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जो लघुग्रह आदळला आणि डायनासोर संपले तो आदळला ती जागा चिक्शुलुब, ती पण इथेच, आणि त्या बुजून गेलेल्या विवराच्या कडेने सेनोतेंची अर्धवर्तुळाकार रांगच आहे. किनाऱ्यावरच्या तुलुम गावाजवळच्या साक आक्तुन आणि दोस ओहोस या पाण्याखालच्या गुहा एकमेकींना जोडलेल्या आहेत हे 2018 मध्ये गुहांत बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांनी शोधून काढलं, मिळून लांबी जवळपास 347 किलोमीटर. म्हणजे आपण एका सेनोतेमध्ये उतरतो तेव्हा त्या एका खड्ड्यात उतरत नाही, अख्ख्या प्रदेशाच्या पाण्यात उतरतो. मेरिदासारखं 10 लाखांच्या घरातलं शहर ह्याच जमिनीखालच्या पाण्यावर जगतं.

आता सनस्क्रीनचा मुद्दा, यासाठीच मुख्यतः लिहितेय. तुमच्या लेखात "भरपूर सनस्क्रीन लावून जा" अशी टीप होती. समुद्रावर ठीक आहे पण सेनोतेमध्ये उतरताना सनस्क्रीन, मच्छर पळवायचं क्रीम, मेकअप काहीही अंगावर नको, बहुतेक ठिकाणी तसा नियमच आहे आणि आधी शॉवर घ्यायला लावतात. आमच्या ट्रिपमध्ये काय झालं तर शॉवरपाशी एवढी गर्दी आणि गाईडला एवढी घाई की लोक पाणी अंगावर घेतल्यासारखं करून सरळ खाली, मी स्वतः पण तसंच केलं, तेव्हा काही कळत नव्हतं. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग उन्हात चमकत होता तो मी बघितला आणि मला वाटलं पाण्याचाच रंग असेल. हे पाणी उघड्या नदीसारखं धो धो वाहत नाही, चुनखडीत गाळणं होत नाही, जे वरून जातं ते जवळपास तसंच खाली जातं. ऊन लागू नये म्हणून लांब बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घातला की काम होतं.

दोन दिवसांनी मुलाला म्हटलं मला परत जायचंय, टूर नको. मग बसने वायादोलिदला जाऊन दोन रात्री राहिलो. (कानकुनवरून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कानकुन ज्यात आहे त्या किंताना रो राज्याचं घड्याळ चिचेन इत्झा असलेल्या युकातान राज्यापेक्षा एक तास पुढे असतं, जाताना एक तास मिळतो पण परतीची फ्लाइट असेल तर तोच तास गळ्याशी येतो.) वायादोलिदवरून सकाळी आठला चिचेन इत्झाच्या गेटवर पोचता येतं, टूरच्या गाड्या यायच्या आधी, तेव्हा हवा थंड असते आणि चेंडूच्या खेळाचं ते भलंमोठं मैदान, 168 मीटर लांबीचं, जवळजवळ रिकामं मिळतं. तिकीट दोन भागांत असतं, एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं आणि एक राज्याचं, दोन्ही पावत्या जपून ठेवायच्या.

ह्यावेळी गेटवरूनच एक गाईड घेतला, जवळच्याच गावातला. चालता चालता त्याच्या आईचा फोन आला तर तो सारखं "मालोब, मालोब" म्हणत होता, म्हणजे ठीक आहे, बरं. मुलाने विचारलं ही स्पॅनिश नाही ना, तर म्हणाला माया. आणि मागच्या ट्रिपमध्ये गाडीत कुणीतरी विचारलं होतं की माया लोक अचानक गायब का झाले, आणि पुढच्या सीटवरून उत्तर आलं की ते एक रहस्य आहे! शहरं ओस पडली हे खरं, त्याला दुष्काळ, लढाया अशी कारणं सांगतात, पण माणसं कुठे गेली नाहीत, आज लाखो लोक ही भाषा बोलतात.

बळी देण्याच्या गोष्टीचं पण तेच. टूरमध्ये रंगवून सांगतात की सुंदर कुमारिकांना विहिरीत ढकलायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसन नावाच्या अमेरिकन माणसाने पवित्र सेनोतेचा तळ उपसला, सोनं, जेड, धूप आणि माणसांची हाडं निघाली, बरंच काही हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियममध्ये गेलं आणि त्यातलं थोडंफार नंतर मेक्सिकोला परत मिळालं. पण हाडं पुरुषांची, बायकांची आणि मुलांची सगळ्यांचीच होती. आणि त्या सेनोतेजवळच्या एका भुयारी टाक्यात सापडलेल्या 64 मुलांच्या डीएनएचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, तर ते सगळेच मुलगे निघाले, त्यात जुळ्या भावांच्या दोन जोड्या. त्याच अभ्यासात आजच्या तिश्काकाल्तुयुब गावातल्या लोकांशी त्यांचं नातं जुळलं. मला हे वाचून अंगावर काटा आला. पावसासाठी, मक्यासाठी, त्या विहिरीतल्या चाक नावाच्या पर्जन्यदेवाला लोकांनी काय काय दिलं असेल. आणि त्यांचे वंशज तिकडे पलीकडच्या गावात शेती करताहेत. त्यापुढे कुमारिकांची कहाणी फिकी आहे आणि खोटी पण.

दुसऱ्या दिवशी ओमुन नावाच्या सेनोतेंच्या गावाला गेलो. गावात पोचलं की मोटोटॅक्सीवाले येतात, ते तुम्हाला तीन-चार सेनोते फिरवतात, बऱ्याचशा तिथल्याच कुटुंबांच्या आहेत, तिकीट थेट त्यांना. एका ठिकाणी शॉवरपाशी एक बाई खुर्ची टाकून बसली होती, पांढऱ्या उइपिलवर, म्हणजे माया बायकांच्या सैल झग्यावर, गळ्याशी भरतकाम, आणि ती प्रत्येकाचं दंड आणि मान बोटाने घासून बघत होती. माझ्या मानेला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि परत शॉवरकडे पाठवलं. सून हसली पण मला मनापासून पटलं. मग लाकडी जिन्याने खाली गेलो, वरून झाडांची मुळं दोरखंडासारखी पाण्यापर्यंत लोंबत होती, पाणी गार पण सोसवेल असं, पायाखाली बारीक काळे मासे, आणि कातळातल्या कपारीतून एक निळा पक्षी आत-बाहेर करत होता, शेपटीच्या टोकाला दोन पिसं रॅकेटसारखी. त्याला तिथे तोह म्हणतात, तो विहिरींच्या भिंतीत घरटं करतो, त्यामुळे तोह दिसला की पाणी जवळ आहे असं समजतात.

ह्याच ओमुनमध्ये 49,000 डुकरांचं फार्म होणार होतं. गावाने विरोध केला, माया मुलांच्या वतीने कोर्टात गेले आणि 2018 मध्ये कोर्टाने ते काम थांबवलं. तिकडे किनाऱ्यावर माया ट्रेन नावाच्या नव्या रेल्वेच्या पुलासाठी गुहांच्या छतातून लोखंडी खांब ठोकले, त्यावर डायव्हर लोकांनी किती आरडाओरडा केला. म्हणजे ह्या पाण्यासाठी तिथे लोक भांडताहेत आणि आपण तिथे पन्नास मिनिटं जाऊन क्रीम सोडून येतो, हे बरोबर नाही.

ट्रिपला जाऊ नका असं मी म्हणत नाही, ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी जरूर जावं, फक्त बुकिंग करताना विचारा की पवित्र सेनोते दाखवणार का, दुकानात किती वेळ थांबवणार, आणि पोहायला गावातल्या लोकांच्या सेनोतेवर नेणार का. दहा जणांनी विचारलं तर कंपन्या आपोआप वेळापत्रक बदलतील.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर आमच्या ट्रिपचा भाग कापा, पण सनस्क्रीनचा भाग कृपया राहू द्या, कारण डिसेंबरच्या सुट्टीत पुष्कळ लोक तिकडे जातील आणि ते तुमचा लेख वाचून बॅग भरतील.

– एक नियमित वाचक